लाखाचा छोटा कॅमेरा की जड डीएसएलआर? कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांना पुन्हा मागणी का आली आणि तो नेमका कुणी घ्यावा?

बऱ्याच घरांत कपाटाच्या वरच्या खणात एक काळी बॅग असते. आत एक डीएसएलआर, त्याच्यासोबत आलेली १८-५५ची लेन्स, कधीतरी हौसेने घेतलेली एक मोठी झूम लेन्स आणि सिलिका जेलच्या दोन पुड्या. दहा-बारा वर्षांपूर्वी हप्त्यांवर घेतलेला तो कॅमेरा पहिल्या वर्षी बारशापासून ट्रेकपर्यंत सगळीकडे फिरला. मग तो फक्त गणपतीत आणि लग्नकार्यात निघू लागला. आता तेवढाही निघत नाही. फोन खिशातच असतो आणि बॅग उचलायचा कंटाळा येतो.

दुसरीकडे इन्स्टाग्राम उघडलं की वेगळंच चित्र दिसतं. गळ्यात किंवा मनगटाला अडकवलेला, जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्यासारखा दिसणारा छोटासा कॅमेरा. लेन्स बदलता येत नाही, काहींना झूमही नाही आणि किंमत मात्र लाखाच्या पुढे. ज्या पैशांत चांगला मोठा कॅमेरा आणि दोन लेन्स येतील, त्यात लोक हा छोटा कॅमेरा का घेत आहेत? फक्त फॅशन आहे की खरंच काही फायदा आहे?

कॉम्पॅक्टची चर्चा आत्ताच का?

'सीपा' ही जपानी कॅमेरा उत्पादकांची संघटना दरवर्षी किती कॅमेरे कारखान्यांतून बाजारात गेले याचे आकडे देते. २०१० मध्ये जगभर १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे बाजारात गेले. त्यातले १० कोटींहून जास्त एकसंध, म्हणजे लेन्स न बदलणारे छोटे कॅमेरे होते. नंतर स्मार्टफोन आला आणि हा बाजार कोसळला. २०२३ पर्यंत छोट्या कॅमेऱ्यांचा आकडा १७ लाखांच्या आसपास आला होता.

२०२४ मध्ये मात्र तो पुन्हा वाढून १९ लाखांच्या जवळ गेला. वाढ फार मोठी नाही, पण इतक्या वर्षांच्या घसरणीनंतर ती लक्ष वेधून घेणारी होती. त्याच वर्षी डीएसएलआरचा आकडा १० लाखांच्या खाली उतरला. २०१२ मध्ये हेच डीएसएलआर वर्षाला १.६ कोटी जात होते.

डीएसएलआरची जागा मुख्यतः मिररलेस कॅमेऱ्यांनी घेतली आहे. कॅनन आणि निकॉन या दोन मोठ्या कंपन्यांनी २०२० नंतर एकही नवा डीएसएलआर आणलेला नाही. २०२१च्या अखेरीस कॅननच्या प्रमुखांनी सांगून टाकलं की 'ईओएस-१डी एक्स मार्क थ्री' हाच आपला शेवटचा सर्वोच्च श्रेणीचा डीएसएलआर. त्यामुळे आज नवा डीएसएलआर घेणं म्हणजे विकास थांबलेल्या तंत्रात पैसे घालणं आहे. फोटो उत्तमच येतील, पण पुढचं मॉडेल येण्याची शक्यता कमी.

कॉम्पॅक्टच्या नव्या लाटेला मोठा धक्का दिला फुजीफिल्मच्या 'एक्स१००' मालिकेने. २०२० मध्ये आलेला 'एक्स१००व्ही' दोन वर्षांनी टिकटॉकवर गाजला आणि बघता बघता दुकानांतून गायब झाला. परदेशात वापरलेले कॅमेरे नव्याच्या छापील किमतीपेक्षा महाग विकले जाऊ लागले. २० फेब्रुवारी २०२४ रोजी त्याचा पुढचा अवतार 'एक्स१००व्हीआय' जाहीर झाला. अमेरिकेत त्याची किंमत १,५९९ डॉलर होती. भारतात तो आला तेव्हा सुमारे १ लाख ७० हजार रुपये. त्याच्यासाठीही प्रतीक्षायादी लागली.

डीएसएलआर एवढा जड का असतो?

उत्तर त्याच्या नावात आहे. एसएलआर म्हणजे सिंगल लेन्स रिफ्लेक्स. 'रिफ्लेक्स' म्हणजे आत आरसा आहे. लेन्समधून आलेला प्रकाश या आरशावर आपटून वर जातो, काचेच्या प्रिझममधून फिरतो आणि डोळ्यापर्यंत पोहोचतो. बटण दाबलं की आरसा खटकन वर उचलला जातो आणि मागच्या सेन्सरवर प्रकाश पडतो. तो ओळखीचा 'खट्याक' आवाज बराचसा आरशाचाच असतो.

आरसा वर-खाली व्हायला जागा लागते. म्हणून कॅननच्या डीएसएलआरमध्ये लेन्स बसते ती कडी सेन्सरपासून ४४ मिलिमीटर लांब ठेवावी लागते. कॅननच्याच मिररलेसमध्ये हे अंतर २० मिलिमीटर आहे. अंतर वाढलं की बॉडी जाड होते आणि अनेक लेन्साही मोठ्या होतात.

चांगल्या कॉम्पॅक्टमध्ये आरसा नाही, प्रिझम नाही आणि लेन्स बदलायची कडीही नाही. एकच लेन्स त्या एकाच सेन्सरसाठी बनवलेली असते. तिची मागची काच सेन्सरच्या अगदी जवळ नेता येते. 'एक्स१००' आणि रिकोच्या 'जीआर' कॅमेऱ्यांत शटरही लेन्सच्या आतच असतं. त्यामुळे फोटो काढताना आवाज जवळजवळ येत नाही. मैफलीत किंवा झोपलेल्या बाळाचा फोटो काढताना याचं महत्त्व कळतं.

वजनात खरंच किती फरक पडतो?

इथे जाहिरात आणि प्रत्यक्ष परिस्थिती यांची फारकत होते. आधी व्यावसायिकांचं उदाहरण घेऊ. कॅननचा '५डी मार्क फोर' बॅटरीसह ८९० ग्रॅम. त्यावर २४-७० एफ/२.८ लेन्स ८०५ ग्रॅम. सोबत ७०-२०० एफ/२.८ लेन्स १,४८० ग्रॅम. बेरीज ३ किलो १७५ ग्रॅम, तीही बॅग, चार्जर आणि फ्लॅश न धरता. याच्यापुढे 'एक्स१००व्हीआय' ५२१ ग्रॅमचा आणि 'रिको जीआर थ्री' फक्त २५७ ग्रॅमचा.

पण घरोघरी असलेला डीएसएलआर '५डी' नसतो. कॅननचा 'ईओएस १५००डी' बॅटरीसह ४७५ ग्रॅमचा आहे आणि सोबतची १८-५५ लेन्स साधारण २०० ग्रॅमची. एकूण ६७५ ग्रॅम. म्हणजे 'एक्स१००व्हीआय'पेक्षा जेमतेम दीडशे ग्रॅम जास्त, सफरचंदाएवढं वजन. त्यासाठी पावणेदोन लाख मोजायचे का, हा प्रश्न स्वाभाविक आहे.

खरा फरक आकाराचा आहे. '१५००डी'ची नुसती बॉडी साडेसात सेंटिमीटरहून जाड, पुढे लेन्स वेगळी. 'एक्स१००व्हीआय' लेन्ससकट साडेपाच सेंटिमीटर. तो जॅकेटच्या किंवा पर्सच्या कप्प्यात मावतो, पण पँटच्या खिशात नाही. पँटच्या खिशात मावतो तो 'जीआर थ्री', कारण त्याची जाडी साडेतीन सेंटिमीटरच्या आत आहे. सोनीचे 'आरएक्स१००' मालिकेतले कॅमेरेही त्याच गटातले.

त्यामुळे 'मला हलका कॅमेरा हवा' एवढं म्हणून भागत नाही. खिशात मावणारा हवा की खांद्याला त्रास न देणारा हवा, हे आधी ठरवावं लागतं. दोन्हीचं उत्तर वेगळं कॅमेरा मॉडेल आहे.

एवढ्याशा कॅमेऱ्यात फोटो चांगला कसा येतो?

फोटोचा दर्जा ठरवण्यात सेन्सरचा मोठा वाटा असतो. पागोळीखाली पातेलं ठेवलं तर जितकं तोंड मोठं तितकं पाणी जास्त साठतं, तसंच प्रकाशाचं आहे. 'फुल फ्रेम' सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. हौशी डीएसएलआरमध्ये त्याहून लहान 'एपीएस-सी' सेन्सर असतो. 'एक्स१००व्हीआय' आणि 'जीआर थ्री' या दोन्हींत याच जातीचा सेन्सर आहे. म्हणजे कॅमेरा छोटा झाला, पण पातेलं तेवढंच राहिलं. सोनीचा 'आरएक्स१आर थ्री' आणि लायकाचा 'क्यू३' तर फुल फ्रेम सेन्सर घेऊन येतात. त्यांच्या किमती मात्र बहुतेकांच्या आवाक्याबाहेरच्या आहेत.

'आरएक्स१००' किंवा कॅननच्या 'जी७ एक्स मार्क थ्री'मध्ये 'एक इंची' सेन्सर असतो. नाव फसवं आहे. तो प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांच्या मापावरून हे नाव पडलं. क्षेत्रफळात तो '१५००डी'च्या सेन्सरच्या साधारण एक तृतीयांश आहे.

तरीही निकाल वाटतो तितका एकतर्फी नसतो, कारण प्रकाश किती येणार हे लेन्सही ठरवते. डीएसएलआरसोबत आलेली १८-५५ लेन्स पूर्ण झूम केली की तिचं तोंड एफ/५.६ पर्यंत आकसतं. 'जी७ एक्स मार्क थ्री'ची लेन्स पूर्ण झूमलाही एफ/२.८ असते. या दोन आकड्यांत प्रकाशाचा चौपट फरक आहे. सेन्सर तिपटीने लहान, पण त्यावर पडणारा प्रकाश चौपट दाट. हिशेब जवळपास बरोबरीत सुटतो.

म्हणजे ज्यांनी डीएसएलआरची मूळ लेन्स कधी काढलीच नाही, त्यांना चांगल्या कॉम्पॅक्टमध्ये दर्जाच्या बाबतीत फारसं गमवावं लागत नाही. ज्यांनी त्या डीएसएलआरला ५० एमएम एफ/१.८सारखी स्वस्त आणि मस्त लेन्स लावली आहे, त्यांच्या जुन्या कॅमेऱ्याशी 'एक इंची' कॉम्पॅक्टची बरोबरी होणार नाही.

मग फोनच काय वाईट?

दिवसाउजेडी काढलेला आणि फक्त मोबाइलच्या पडद्यावर पाहायचा फोटो असेल, तर फोन पुरेसा आहे. इन्स्टाग्रामवर फोटो वर्षानुवर्षं १,०८० पिक्सेल रुंदीत दिसत आले आहेत. 'एक्स१००व्हीआय'चा ४० मेगापिक्सेलचा फोटो ७,७०० पिक्सेलहून रुंद असतो. त्यातला बहुतेक तपशील पोस्ट करतानाच गळून जातो.

फरक दिसतो तो इतरत्र. संध्याकाळी अंगणात पळणारी नात, फक्त समईच्या उजेडातलं देवघर, हळदीच्या कार्यक्रमात मंडपातला पिवळा बल्ब. अशा वेळी फोन अनेक फोटो एकावर एक रचून एक फोटो 'तयार' करतो. माणूस स्थिर असेल तर कमाल होते. हलला तर चेहरा पुसट होतो किंवा त्वचा मेणासारखी गुळगुळीत दिसते. मोठा सेन्सर एकाच फटक्यात पुरेसा प्रकाश गोळा करतो. तो फोटो मोठा छापून भिंतीवर लावला तरी टिकतो.

आणखी एक कारण लोक सांगतात, आणि ते तांत्रिक नाही. फोटो काढायला फोन बाहेर काढला की आधी तीन नोटिफिकेशन दिसतात. कॅमेऱ्यात ती नसतात.

छोटा कॅमेरा घेताना काय सोडावं लागतं?

विकत घेण्याआधी हा भाग नीट समजून घ्यायला हवा, कारण नंतरची निराशा इथूनच येते.

पहिली गोष्ट झूमची. 'एक्स१००व्हीआय'ची लेन्स फुल फ्रेमच्या हिशेबात ३५ एमएमची आहे, 'जीआर थ्री'ची २८ एमएमची. जवळचं हवं तर पायांनी पुढे जायचं. ताडोबात वाघासाठी लोक ४०० ते ६०० एमएमच्या लेन्सा नेतात. ४०० एमएममध्ये जो वाघ चौकट भरून टाकतो, तो ३५ एमएममध्ये लांबी-रुंदीत अकरा पटींहून लहान दिसेल. भिगवणचे फ्लेमिंगो, मैदानावरचं क्रिकेट, शाळेच्या स्नेहसंमेलनात मागच्या रांगेतून काढायचा मुलाचा फोटो, इथेही हा कॅमेरा कामाचा नाही.

फोटो काढून नंतर कापता येतो, हे खरं. पण ३५ एमएमचा फोटो कापून ७० एमएमएवढा जवळ आणला की पिक्सेल एक चतुर्थांश उरतात. ४० मेगापिक्सेलचे १० होतात. तेवढे चालतील. त्यापुढे ओढाताण होते.

दुसरी गोष्ट बॅटरीची. निकॉनच्या 'डी३५००' या साध्या डीएसएलआरची बॅटरी एका चार्जवर सुमारे दीड हजार फोटो देते, अशी प्रमाणित चाचणी सांगते. 'जीआर थ्री'साठी हा आकडा सुमारे २०० आहे. दिवसभराच्या भटकंतीत दोन जादा बॅटऱ्या खिशात हव्याच.

तिसरी गोष्ट पावसाची. 'जीआर थ्री'ला पाण्यापासून संरक्षण नाही. 'एक्स१००व्हीआय'ला आहे, पण लेन्सवर वेगळी कडी आणि फिल्टर लावल्यावरच. वारीत किंवा जुलैच्या घाटात कॅमेरा नेणार असाल तर हा खर्च आधीच धरावा. दमट हवेत लेन्सला लागणारी बुरशी छोट्या कॅमेऱ्यालाही सोडत नाही.

चौथी गोष्ट दुरुस्तीची. डीएसएलआरची लेन्स बिघडली तर दुसरी लावून काम सुरू राहतं. कॉम्पॅक्टमध्ये सगळं एकसंध असतं. लेन्सच्या आत धूळ गेली किंवा ती बाहेर येताना अडकली तर अख्खा कॅमेरा सर्व्हिस सेंटरला द्यावा लागतो. म्हणून परदेशातून कुणाकरवी किंवा बिल नसलेला 'स्वस्त' माल घेताना भारतात वॉरंटी चालेल का, हे विचारणं महत्त्वाचं.

ज्यांचं पोट फोटोंवर चालतं, त्यांचा प्रश्न वेगळाच. लग्नाच्या फोटोग्राफरला दोन मेमरी कार्डं, वेगवेगळ्या लेन्सा आणि दिवसभर टिकणारी बॅटरी लागते. त्याच्यासाठी छोटा कॅमेरा जोडीला ठीक, बदली म्हणून नाही.

हा वाद नवा आहे का?

अजिबात नाही. शंभर वर्षांपूर्वी जर्मनीत ऑस्कर बार्नाक नावाच्या तंत्रज्ञाला दम्याचा त्रास होता. त्या काळचे काचेच्या प्लेटांचे अवजड कॅमेरे घेऊन डोंगरात फिरणं त्याला झेपेना. त्याने सिनेमाची फिल्म वापरणारा, हातात मावणारा कॅमेरा बनवला. आजचा 'फुल फ्रेम' सेन्सर ज्या २४ बाय ३६ मिलिमीटर मापाचा असतो, ते माप बार्नाकच्या याच कॅमेऱ्यामुळे रूढ झालं. १९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत हा कॅमेरा 'लायका' नावाने लोकांसमोर आला.

त्या पहिल्या लायकाची लेन्सही बदलता येत नव्हती. ५० एमएमची एकच लेन्स, कायमची बसवलेली. लेन्स बदलायची सोय १९३०ला आली. एवढ्याशा फिल्मवर दर्जा कसा येणार, ही शंका तेव्हाही होती. पण कॅमेरा खिशात गेल्यामुळे छायाचित्रकार स्टुडिओतून रस्त्यावर उतरला. फ्रान्सचे आंरी कार्तिए-ब्रेसाँ लायका घेऊनच जगभर फिरले. जपानचे दाइदो मोरियामा यांनी टोकियोच्या गल्ल्या रिको 'जीआर'वर टिपल्या. भली मोठी लेन्स रोखली की समोरचा माणूस सावध होतो, पोझ देतो किंवा तोंड फिरवतो. छोट्या कॅमेऱ्याकडे तो फारसं लक्ष देत नाही. रस्त्यावरच्या छायाचित्रणात हा फायदा मेगापिक्सेलपेक्षा मोठा ठरतो.

मग ठरवायचं कसं?

पर्याय दोनच आहेत असंही नाही. कॅननचा 'आर५०'सारखा छोटा मिररलेस बॅटरीसह ३७५ ग्रॅमचा आहे. लेन्स बदलता येते आणि किंमतही 'एक्स१००व्हीआय'पेक्षा बरीच कमी आहे. ज्यांना कधी ट्रेक, कधी पक्षी, कधी घरचं बारसं असं सगळं थोडं थोडं हवंय, त्यांच्यासाठी हा मधला रस्ता जास्त सोयीचा. आहे त्याच डीएसएलआरला पातळ 'पॅनकेक' लेन्स लावणं हा आणखी स्वस्त उपाय. कॅननची २४ एमएम एफ/२.८ पॅनकेक १२५ ग्रॅमची आहे. ती लावली की '१५००डी' ६०० ग्रॅमवर येतो.

निर्णय घेण्याआधी दोन गोष्टी फुकटात करून बघता येतात.

पहिली म्हणजे जुने फोटो तपासणं. डीएसएलआरने काढलेल्या प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये तो किती एमएमवर काढला याची नोंद असते. कॉम्प्युटरवर फोटोची 'प्रॉपर्टीज' उघडली की ती दिसते. आवडलेले शंभर फोटो निवडा आणि हा आकडा पाहा. बहुतेक १८ ते ३५च्या दरम्यान असतील तर एका लेन्सचा कॉम्पॅक्ट तुम्हाला चालेल. बहुतेक ५५ किंवा त्याच्या पुढचे असतील तर तुमची नजर लांबचं शोधते. मग इन्स्टाग्रामवर काहीही गाजत असलं तरी 'एक्स१००' किंवा 'जीआर' तुमच्यासाठी नाही.

दुसरी म्हणजे एक महिन्याचा प्रयोग. कपाटातला डीएसएलआर काढा, बॅटरी चार्ज करा, १८-५५ लेन्स २४च्या खुणेवर आणा आणि झूमची कडी चिकटपट्टीने बांधून टाका. ही नजर 'एक्स१००व्हीआय'च्या लेन्सच्या जवळची आहे. महिनाभर तेवढ्यावरच फोटो काढा. झूम नसल्याची चिडचिड होते का, आणि कॅमेरा बाहेर न नेण्याचं कारण खरंच त्याचा आकार आहे का, दोन्ही कळेल.

आकार हेच कारण असेल तर छोट्या कॅमेऱ्यावर खर्च केलेले पैसे वसूल होतील. पण चार्ज केलेली बॅटरी आणि बांधलेली लेन्स महिनाभर तशीच पडून राहिली, तर अडचण वजनाची नव्हती. मग पावणेदोन लाखांचा नवा कॅमेराही वर्षभरात त्याच खणात, त्याच काळ्या बॅगेशेजारी जाऊन बसेल.